शुक्रवारचे तीन थेंब

ज्यांच्या घरात लांबलेलं आजारपण आहे आणि डॉक्टरांनी "ही तपासणी आता तुम्हीच घरी करत जा" असं सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बालाघाटच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवणारी बाई होते, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जवळजवळ वर्षभर माझी मूत्रपिंडं माझ्यावर रुसून बसली होती. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते आमच्या घरातल्या काचेच्या एका नळीबद्दल आणि ती नळी सांभाळणाऱ्या माझ्या सासूबाईंबद्दल. त्यांच्याबद्दल लिहायचं राहून गेलं तर मला चैन पडणार नाही.

सून भरली

संक्रांतीला कासार दारात आला आणि माझ्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या हातात चढेनात. त्यानं दाबलं, वळवलं, शेवटी एक मोठं माप काढलं. सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या मिश्राइन चाचींना हाक मारून बोलावलं.

"पाह्य ना चाची, माह्या हातचं खाऊन सून कशी भरली! लगनात नुसती काडी होती हे."

मीही खूश झाले. शाळेत पोरं "बाई, तुमचे डोळे बारीक झाले" म्हणाली, तेव्हा त्यांनाच दटावलं. पुढे पायातली जोडवी रुतायला लागली आणि सकाळी पापण्या उघडायला बोटं लावावी लागली, तेव्हा माझे यजमान मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत, खनिज तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होते. सकाळच्या पाळीला सायकलवरून जायचे, तिसऱ्या प्रहरी लाल-काळी धूळ घेऊन परत यायचे.

डॉक्टर जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, वयानं पोक्त. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला तो पडलाच. मग आतल्या खोलीत माझी लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली आणि नळी आमच्यासमोर धरली. आत पांढरं, घट्ट, दूध नासल्यासारखं काहीतरी झालं होतं. शरीरातलं चांगलं सत्त्व लघवीवाटे वाहून जातंय, मूत्रपिंडांना सूज आहे, नागपूरला न्यावं लागेल, असं त्यांनी सावकाश सांगितलं.

मला फक्त छबू आठवली. माझी पोरगी, नुकती तीन वर्षांची. घरी सासूबाईंच्या पदराला धरून उभी असेल, एवढंच डोक्यात आलं.

नागपूरचे पाच आठवडे

छोट्या लाईनीच्या गाडीनं गोंदिया, तिथून नागपूर. दवाखान्यात पाच आठवडे. पहाटे पाचला दिवे लागत, सहाला चोवीस तासांच्या लघवीच्या बाटल्या बदलत, आठला मोठे डॉक्टर त्यांच्या मागच्या घोळक्यासह येत आणि माझ्या पलंगाशी उभं राहून माझ्याबद्दल एकमेकांशी इंग्रजीत बोलत. जेवण अळणी. अळणी वरण, अळणी भात, अळणी भाजी. मीठ नसलेलं अन्न किती एकटं असतं ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. शेजारच्या पलंगावरची भंडाऱ्याची एक म्हातारी तिच्या लिंबाची अर्धी फोड रोज माझ्या ताटात टाकायची. लिंबाला मला बंदी नव्हती. त्या फोडीवर मी जगले असं म्हटलं तरी चालेल.

छबूला माझ्या मायनं कटंगीला नेलं होतं. मी बालाघाटला परत आले तेव्हाही ती तिकडेच राहिली, कारण ज्या गोळ्या मला चालू होत्या त्यांनी अंगातली ताकद कमी होते, लहान मुलाचा सर्दी-खोकलाही मला महागात पडला असता. शिवाय तिला उचलून घ्यायची मनाई होती. बालाघाटच्या डॉक्टरांनी हिशेब साफ सांगितला, "छह हफ्ते पेशाब बिलकुल साफ आए, तब गोलियाँ बंद करेंगे और बिटिया घर आएगी. बीच में एक दिन भी गड़बड़ हुई तो गिनती फिर से."

त्या दिवसापासून मला देवाकडे मागायला दुसरं काही उरलं नाही. सहा आठवडे साफ, बस.

घरचं कोणतं, दवाखान्याचं कोणतं

रोज दवाखान्यात जाणं शक्य नव्हतं, म्हणून तपासणी घरी करायचं ठरलं. आमचे हे प्रयोगशाळेतले. त्यांना हुरूप आला. त्यांनी कागदावर यादीच करून नेली. लघवी, वजन, रक्तदाब आणि जमलं तर रक्तातलंही काही. "काहून नाही जमणार, डॉक्टरसाहेब? मी रोज दगड तपासतो, बायकोले नाही तपासणार का?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "जिस जाँच का जवाब आँख से दिखे, जो आज बिगड़े तो कल फिर हो सके, और जवाब देखकर क्या करना है ये घर में सबको पता हो, वही जाँच घर की. बाकी सब मेरी."

त्या चाळणीतून यादी गेली. रक्ताचं तिथेच खोडलं. रक्तदाबाचं यंत्र विकत घेऊ का, असं ह्यांनी विचारलं, तर ते म्हणाले की तुम्ही दिवसातून दहा वेळा मोजाल आणि मोजता मोजताच बहूचा दाब चढेल. वजनासाठी आमच्याकडे काटा कुठला! ह्यांनी मला ओळखीच्या राईस मिलमध्ये नेऊन धानाच्या काट्यावर उभं केलं होतं, हमालांच्या देखत. ते ऐकून डॉक्टरांनी वजनही खोडलं. धानाच्या पोत्याला किलो-दोन किलो इकडे तिकडे चालतं, तुम्हाला नाही चालणार, म्हणाले.

तेव्हा सोबत आलेल्या सासूबाई मध्येच बोलल्या, "डॉक्टरसाब, मी इचे जोडवे फिरवून पायतो ना रोज. फिरले त सूज नाही, अडले त हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, ये एक नंबर की जाँच है. ये लिखो."

अशा रीतीनं दोन तपासण्या घरच्या ठरल्या. जोडवं आणि नळी.

नळी

नळीचं काम असं : सकाळची लघवी नळीत पाऊण भरून घ्यायची, लाकडी चिमट्यात धरून वरचा भाग दिव्यावर उकळायचा, मग बाटलीतल्या पातळ सिरक्यासारख्या आम्लाचे तीन थेंब टाकायचे आणि पाहायचं. गढूळ राहिली तर रोग आहे, नितळ असली तर नाही.

हे पहाटेच पाळीला जात, मी तेव्हा पलंगावरून फार उठत नसे, म्हणून ते काम सासूबाईंकडे गेलं. ह्यांनी त्यांना दोन रविवार समोर बसवून शिकवलं. सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या हाताला सफाई होती. आंघोळीआधी मागच्या पडवीत, मोरीजवळ बसून त्या हे करत आणि मग नळी घेऊन खिडकीशी येत. नळीमागे वर्तमानपत्राचा तुकडा धरत.

"अक्षर दिसून राह्यले का गा सुमन?"

"दिसून राह्यले, आई. तुम्हाले?"

"मले वाचता नाही येत, दिसत त येते!"

मी शाळेच्या वहीत तारीख घालून पुढे टिंब किंवा फुली काढायची. टिंब म्हणजे साफ. दुसऱ्याची लघवी रोज सकाळी अशी हातात धरायची, तीही सुनेची, आणि चेहऱ्यावर कधी नाराजी नाही. माझ्या मायनंही इतकं केलं असतं की नाही, मला शंका आहे.

चैत्रभर फुल्याच फुल्या होत्या. वैशाखात मिश्राइन चाचींनी सासूबाईंना शुक्रवारचं व्रत सांगितलं. त्या काळी आमच्या गल्लीत हे व्रत घरोघरी चाललं होतं. सोळा शुक्रवार एक वेळ जेवायचं, गूळ-चण्याचा प्रसाद, कहाणी ऐकायची, आणि त्या दिवशी घरात आंबट म्हणून खायचं नाही, वाढायचं नाही, हात लावायचा नाही. सासूबाईंनी माझ्यासाठी ते धरलं. पंधरा दिवसांत माझी लघवी साफ यायला लागली. गोळ्यांनाही तेवढाच वेळ लागायचा होता, पण गोळ्यांचं नाव कोण घेतो! सासूबाईंनी देवीपुढे डोकं टेकलं आणि मीही टेकलं.

फक्त माझी पंचाईत झाली. आंब्याचा मोसम, आणि अळणी जेवणात मला चव म्हणून एक लिंबू नि कैरी. शुक्रवारी तेही बंद. एका शुक्रवारी सासूबाई बाहेर गेल्यावर मी मडक्याआड ठेवलेली लिंबाची फोड चोखली. भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीकडे पाठ करून.

फुल्या

आणि फुल्या परत आल्या. तेरा दिवस साफ, एक दिवस गढूळ. सहा दिवस साफ, एक दिवस गढूळ. लागोपाठ येत नव्हत्या, त्यामुळे डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या नाहीत, पण बंदही केल्या नाहीत. मोजणी तेराच्या पुढे जाईना.

मध्ये एकदा माय छबूला दाखवायला घेऊन आली. गोळ्यांनी माझा चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला होता. छबू दारात उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग मायला विचारलं, "माही आई कुठी हाय?" मी हसले. हसण्यावाचून काय करणार होते? माय तिला घेऊन परतीच्या बसला गेली आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. सासूबाई पाय चेपत बसल्या.

आषाढात पडल्या पडल्या मला चाळा सुचला. वहीतल्या या परत आलेल्या फुल्या मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवल्या. सात फुल्या होत्या. सातही शुक्रवारच्या ओळीत बसल्या.

मी शिकलेली बाई, पोरांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगणारी, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. देवी कोपली. मी लिंबू चोखलं म्हणून देवी माझी पोरगी अडवून बसली आहे. दोन दिवस सासूबाई समोर आल्या की मी भिंतीकडे कूस वळवायची. त्या माझ्यासाठी उपाशी राहत होत्या आणि मी चोरून लिंबू खात होते.

बारावा शुक्रवार

त्या शुक्रवारी सासूबाईंनी नळी दाखवली. पुन्हा गढूळ. मी फुली काढली. त्या आंघोळ करून चाचींकडे कहाणीला गेल्या. मला राहवेना. वाटीत लघवी उरलेली होती. मी भिंत धरत पडवीत गेले, दिवा पेटवला, नळी धरली. उकळी आली तसा वरचा भाग ढगाळ झाला. झालं तर मग, म्हटलं. हात सवयीनं बाटलीकडे गेला, कारण ह्यांनी सासूबाईंना शिकवलं तेव्हा मी पलंगावरून सगळं ऐकलं होतं. एक थेंब. दोन. तीन.

ढग विरला. नळी नितळ झाली.

मग बाटली उचलून वास घेतला. आंबट.

ह्यांची सायकल येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. सासूबाई समोर चणे निवडत होत्या. कसं सांगायचं? ज्या उपासानं मी बरी झाले असं त्या मानत होत्या, त्याच उपासानं त्यांची नात तीन आठवडे जास्त कटंगीला राहिली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

ह्यांना अंगणात गाठून सांगितलं. आधी ते हसले. मग डोक्याला हात लावून ओट्यावर बसले.

"चूक आईची नाही. माही हाय," म्हणाले. "मी तिले 'टाक' म्हणून सांगतलं, 'काहून टाकायचं' हे नाही सांगतलं. प्रयोगशाळेत नव्या माणसाले मी असं कधी शिकवलं असतं का?"

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. घरी जो कुणी तपासणी करणार असेल, त्याला कृतीबरोबर कारणही सांगा. तो कितीही हुशार असो किंवा अडाणी असो.

डॉक्टरांसमोर

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. माझ्या मनात होतं की सासूबाईंना बाहेर बसवावं, पण त्या माझ्या पिशवीसह आधीच खुर्चीवर बसल्या होत्या. ह्यांनी कॅलेंडर पुढे केलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ विचारलं, "अम्मा, शुक्रवार को वो तीन बूँद डालती हैं?"

"शुक्करवारी कशी टाकीन?" सासूबाई सहज म्हणाल्या. "आंबट असते ते. माहा उपास असते."

काही लपवलेलं नव्हतंच. आम्हाला हे ठाऊकच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. दूध-भाजी खाणाऱ्या चांगल्या माणसाच्या लघवीतही कधी कधी एक क्षार असतो, तो तापवल्यावर ढगासारखा दिसतो, आणि आंबट पडलं की विरतो. रोगाचा ढग विरत नाही. थेंब टाकायचे ते दोघांतला फरक कळावा म्हणून. हे सगळं त्यांनी सासूबाईंना समजेल अशा हिंदीत, अजिबात घाई न करता सांगितलं. शेवटी म्हणाले, "बाकी छह दिन आपका काम मेरे कंपाउंडर से अच्छा है. शुक्रवार को जाँच छोड़ दीजिए, कोई बात नहीं." आणि शुक्रवार वगळता मोजणी पूर्ण झाली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून चोवीस तासांची लघवी दवाखान्यात मागवली. ही तपासणी मात्र त्यांची.

सायकलरिक्षात सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. बाजारचौक गेल्यावर पुढे पाहतच म्हणाल्या, "म्हंजे पोरीले मीच अडवून ठेवली होती."

"नाही वो आई. तसं नाही."

"मंग कसं? तू मास्तरीण हायस, सांग."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत आणि मी लिंबाची गोष्ट सांगून टाकली, त्यांना थोडं तरी हलकं वाटावं म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले मालूम होतं," म्हणाल्या. "मडक्यामागं साल भेटलं होतं. बिचारीले अळणी खावं लागते, म्हणून चूप राह्यली मी."

मंगळवारी दवाखान्यातून निकाल आला. सगळं साफ. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, आणि छबूला आणायला हरकत नाही.

तेरावा शुक्रवार

शुक्रवारी सकाळी पडवीतून आम्लाचा वास आला. मी उठून गेले. सासूबाई नळी दिव्यावर धरून बसल्या होत्या.

"आई, डॉक्टरांनी आज सोडायला सांगितलंय ना?"

"सोडायचं काहून? देवीले मी सांगतलं, खाऊन नाही राह्यलो, पाहून राह्यलो. तिले समजते." त्यांनी तीन थेंब टाकले, स्वतः मोजत. नळी नितळ झाली. वर्तमानपत्राचा तुकडाही न मागता त्या उठल्या, हात धुतले, नवं लुगडं नेसल्या आणि आठच्या बसनं कटंगीला गेल्या. ह्यांनी रविवारी जाऊ म्हटलं, ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

संध्याकाळी साडेपाचला रिक्षा दाराशी थांबली. सासूबाई उतरल्या, कडेवर छबू. गोळ्यांची सूज अजून चेहऱ्यावर होतीच. मला भीती होती ती त्याचीच.

"हे पाह्य तुही आई," सासूबाई म्हणाल्या. "तोंड थोडं मोठं झालं हाय, बाकी तेच हाय."

छबूनं बराच वेळ पाहिलं. मग कडेवरून वाकून माझ्या गालाला बोट लावलं, नडगीवर डॉक्टरांनी दाबलं होतं तसं दाबलं आणि हसली. मी तिला घेतलं. उचलायची मनाई होती, पण त्या दिवशी मला कुणीही अडवलं नाही.

मिश्राइन चाची प्रसादाची वाटी घेऊन कुंपणाशी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "व्रत ठीक से हो गया ना, दीदी?"

सासूबाई पायरीवर बसल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "कायचं होते! इहिणीनं पोरीच्या हातात आमपापड देला. बसमध्ये पोरीनं अर्धा तोडून माह्या तोंडात घातला. म्हणे, आजी, खा."

"हाय राम! और आपने खा लिया? तेरहवाँ था!"

"मंग काय थुंकतो? सहा महिन्यांनी पोरगी माह्या मांडीवर बसली होती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आंबट होता. लय चांगला होता. देवीले सांगीन, पुढल्या शुक्करवारपासून एक नंबरपासून मोजतो परत."